निर्णय एकीकडे, कृती दुसरीकडे

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले, बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या आणि मोजक्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा टप्पा ठरला. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला ही बातमी एका ओळीत कळली. ऑनलाइन विक्रीच्या सेवांचा कोड लिहिणाऱ्यांपुढे मात्र तिने प्रश्नांची रांग उभी केली. २० तारखेला विकलेली शाम्पूची बाटली २५ तारखेला परत आली, तर मूळ बिलावर आकारलेला १८ टक्के करच ग्राहकाला परत द्यायला हवा, कारण तेवढाच त्याच्याकडून घेतलेला होता. नवा दर मध्यरात्री लागू होणार होता, पण सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतातली मध्यरात्र म्हणजे त्यांच्या लेखी आदल्या दिवशीचे सायंकाळचे साडेसहा. शिवाय हे सगळे नीट चालेल याची खात्री त्या मध्यरात्रीच्या आधीच करून घ्यायची होती.

कर काढणारे फंक्शन, म्हणजे काही मूल्ये घेऊन उत्तर परत देणारा कोडचा तुकडा, दोन तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिले आहे. पहिल्या तऱ्हेत त्याला फक्त वस्तू दिली जाते. आजची तारीख ते स्वतः घड्याळाला विचारते, चालू दर स्वतः डेटाबेसमधून आणते आणि जाता जाता हिशेबाची नोंदही करून टाकते. दुसऱ्या तऱ्हेत वस्तूचा वर्ग, किंमत, बिलाची तारीख आणि दरांचा तक्ता हे सारे त्याच्या हातात आणून दिलेले असते आणि ते कराची रक्कम परत देते, बाकी काहीही करत नाही. पहिल्या फंक्शनला उद्याविषयी काही विचारता येत नाही, कारण त्याला ‘आज’ सोडून दुसरा दिवस माहीतच नाही. दुसऱ्याला २१ सप्टेंबरची तारीख देऊन पाहावी, २२ ची देऊन पाहावी, मध्यरात्रीच्या एक सेकंद आधीची आणि एक सेकंद नंतरची वेळ देऊन पाहावी. उत्तरे लगेच समोर येतात. दरबदलाचा निर्णय ३ सप्टेंबरला जाहीर झाला होता. ज्यांच्याकडे दुसऱ्या तऱ्हेचे फंक्शन होते, त्यांना तक्त्यात नवी ओळ घालून २२ सप्टेंबरपासूनची बिले त्याच दिवशी काढून पाहता आली असती.

ही दुसरी तऱ्हा फंक्शनल प्रोग्रॅमिंग या पद्धतीतली. तिच्याविषयी बोलताना मोनाड, करिंग, आळशी मूल्यमापन अशा शब्दांपासून सुरुवात होते आणि ऐकणारा लवकरच दमतो. या संकल्पना मला आवडतात आणि त्यांचा अभ्यास करावा असेही मी सांगतो. पण वेबवरच्या सेवा बांधताना या पद्धतीने मला जे दिले, ते मी एका वाक्यात असे सांगेन: काय करायचे ते ठरवणारा कोड आणि ते प्रत्यक्ष करणारा कोड एकमेकांपासून वेगळा ठेवायचा. ठरवणाऱ्या भागाने घड्याळ, डेटाबेस, नेटवर्क, यादृच्छिक आकडे यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. त्याला जे लागते ते मागून घ्यायचे, आणि जे ठरले ते मूल्य म्हणून परत द्यायचे. या शिस्तीला कोणतीही विशिष्ट भाषा लागत नाही, मात्र काही भाषा ती पाळायला मदत करतात आणि काही पावलोपावली मोडायला लावतात.

या विचाराचा इतिहास लांब आहे, तो इथे धावता सांगतो. अलोन्झो चर्च यांचे लॅम्डा कलन, म्हणजे फंक्शनांचे गणित, १९३० च्या दशकातले आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगणकाच्याही आधीचे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेचे काम १९५८ मध्ये सुरू केले. फोरट्रान ही भाषा घडवणाऱ्या चमूचे प्रमुख जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, स्मृतीच्या एकेका कप्प्यात मूल्य भरत जाण्याच्या रूढ शैलीवरच टीका केली आणि फंक्शनांची जुळणी करून प्रोग्रॅम उभा करण्याचा मार्ग मांडला. ज्या शैलीच्या प्रसाराला त्यांच्या स्वतःच्या कामाने सर्वाधिक हातभार लावला होता, तिच्याविषयी ते बोलत होते, म्हणून ते व्याख्यान मला आजही आदरणीय वाटते. हॅस्केल या फंक्शनल भाषेची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली. यांपैकी काहीही वेबसाठी जन्मलेले नव्हते.

तरीही वेबचा मूळ साचा या विचाराला विलक्षण जुळणारा निघाला. एचटीटीपी या वेबच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे संवादाच्या नियमांत, एक विनंती येते आणि एक उत्तर जाते. आधीच्या विनंतीची आठवण ठेवण्याची अपेक्षा त्या प्रोटोकॉलमध्येच नाही. क्लोजर भाषेतील रिंग या ग्रंथालयाने (लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने) हे जसेच्या तसे उचलले. तिथे विनंती म्हणजे पत्ता, पद्धत, हेडर, मजकूर अशा नोंदींचा एक साधा मॅप असतो, उत्तर म्हणजे स्टेटस, हेडर आणि मजकूर असलेला दुसरा मॅप, आणि हँडलर म्हणजे पहिल्यावरून दुसरा काढणारे फंक्शन. लॉगिन तपासणे, कुकी उलगडणे, चुका टिपून ठेवणे ही कामे मिडलवेअर करतात, आणि मिडलवेअर म्हणजे एक हँडलर घेऊन दुसरा हँडलर परत देणारे फंक्शन. वारसा नाही, अमूर्त क्लास नाही, जादूचे अॅनोटेशन नाही. हँडलर तपासायचा तर सर्व्हर सुरू करण्याचीही गरज पडत नाही. हाताने एक मॅप लिहावा, फंक्शनला द्यावा आणि आलेला मॅप पाहावा. एलिक्सिर या भाषेत प्लग हे ग्रंथालय हेच काम थोड्या वेगळ्या रीतीने करते: जोडणीची सगळी माहिती एका रचनेत असते आणि ती एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर तिची नवी प्रत तयार होते.

ट्विटरमध्ये स्काला या भाषेवर उभारलेल्या फिनॅगल या प्रणालीविषयी मारिउस एरिक्सन यांनी २०१३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व्हर हे एक फंक्शनच आहे, असे त्याचे शीर्षकच सांगते. त्यात तीनच कल्पना आहेत: भविष्यात मिळणारे मूल्य दाखवणारे फ्यूचर, विनंती घेऊन असे फ्यूचर देणारी सर्व्हिस, आणि सर्व्हिसच्या भोवती गुंडाळता येणारा फिल्टर. वेळमर्यादा, पुन्हा प्रयत्न, मोजमाप, ओळख पटवणे हे सगळे फिल्टर होतात आणि एकमेकांना जोडले जातात. एवढ्या मोठ्या वाहतुकीची यंत्रणा तीन कल्पनांत मावते याचे मला पहिल्या वाचनात जितके अप्रूप वाटले, तितकेच आजही वाटते.

पण विनंतीला आठवण नसली, तरी व्यवसायाला असते. ऑर्डर काल दिली, आज पाठवली, उद्या परत येईल. ही बदलती अवस्था कुठे ठेवायची आणि कशी बदलायची, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि फंक्शनल विचारात अवस्थेला जागाच नाही हा सार्वत्रिक गैरसमज इथेच दूर होतो. अर्लांग ही भाषा १९८६ पासून एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी टेलिफोनच्या एक्स्चेंजसाठी घडवली. तिच्यात एकदा ठरलेले मूल्य बदलत नाही, आणि तरीही तिच्यातली प्रत्येक प्रोसेस अवस्था सांभाळते. प्रोसेस म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणारे फंक्शन असते; संदेश आला की ते जुन्या अवस्थेवरून नवी अवस्था काढते आणि पुढच्या हाकेला ती आर्ग्युमेंट म्हणून देते. अर्लांगच्याच यंत्रणेवर चालणाऱ्या एलिक्सिरमध्ये आपण जेनसर्व्हर, म्हणजे अशा प्रोसेसचा तयार साचा, वापरून लिहितो तेव्हा आपल्या वाट्याला तेवढाच गाभा येतो: संदेश आणि सध्याची अवस्था घ्या, उत्तर आणि नवी अवस्था द्या.

आता ब्राउझरकडे पाहू. एव्हान चॅप्लिकी यांची एल्म ही भाषा २०१२ मध्ये आली. तिच्यात पानाची सगळी अवस्था एका मॉडेलमध्ये असते. अपडेट नावाचे फंक्शन संदेश आणि मॉडेल घेते, आणि नवे मॉडेल व पुढे करायच्या कामांचे वर्णन परत देते. व्ह्यू हे फंक्शन मॉडेलवरून पान काढते. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात आलेल्या रिडक्स या ग्रंथालयाने हाच आकार घेतला, आणि आपण एल्मकडून शिकलो हे मोकळेपणाने सांगितले. टेलिफोनच्या तारांसाठी जन्मलेली भाषा आणि ब्राउझरमधल्या बटणांसाठी जन्मलेली भाषा एकमेकींकडे न पाहता एकाच आकाराच्या फंक्शनापाशी पोहोचाव्यात, ही गोष्ट मला या क्षेत्रातल्या कोणत्याही सिद्धांताहून अधिक पटवून देते. अवस्था असतेच, ती बदलण्याची जागा एक असावी आणि बदलाचा नियम घटनेवरून व जुन्या अवस्थेवरून काढता यावा, एवढाच आग्रह आहे.

अर्लांगचे नाव निघाले की व्हॉट्सॲपचे आकडे सांगितले जातात. एकाच सर्व्हरवर २० लाखांहून अधिक जोडण्या एका वेळी पेलल्याचे त्या कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केले. २०१४ मध्ये फेसबुकने ती विकत घेतली तेव्हा महिन्याला वापर करणारे सुमारे ४५ कोटी लोक होते आणि अभियंते होते ३२. हे आकडे खरे आहेत, पण ते फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या एकट्याच्या खात्यावर मांडणे मला योग्य वाटत नाही. त्यात अर्लांगच्या आभासी यंत्राचे, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे आणि खालच्या थरापर्यंत उतरून मोजमाप करणाऱ्या माणसांचे श्रम आहेत. फंक्शनल बाजूचा वाटा इतकाच की मूल्ये बदलत नसल्यामुळे आणि प्रत्येक प्रोसेसची स्मृती स्वतंत्र असल्यामुळे एक प्रोसेस कोसळली तरी शेजारचीचा डेटा बिघडत नाही, आणि तिच्यावर देखरेख करणारी सुपरवायझर प्रोसेस तिला स्वच्छ अवस्थेतून पुन्हा उभी करू शकते. ‘कोसळू द्या’ हे अर्लांगकरांचे धोरण या पायावर उभे आहे. सामायिक स्मृतीत कुणीही काहीही लिहू शकते अशा प्रणालीत ते धोरण धोक्याचे ठरेल.

ज्या वळणावर ही पद्धत रोजच्या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडते, तिथे आता थोडे रेंगाळतो.

ऑर्डर रद्द करण्याचे उदाहरण घेऊ. रूढ कोडमध्ये एक लांब फंक्शन असते: ऑर्डर आण, ती पाठवली गेली आहे का पाहा, नसेल तर पेमेंट गेटवेला परताव्याची विनंती कर, साठ्यात नग वाढव, ग्राहकाला एसएमएस पाठव, ऑर्डरची अवस्था बदल. परताव्याची विनंती गेली आणि त्यानंतर डेटाबेसने मान टाकली, तर पैसे गेलेले असतात आणि नोंद नसते. त्याऐवजी ठरवणारे फंक्शन ऑर्डर, आत्ताची वेळ आणि रद्द करण्याचे नियम एवढेच घेते आणि एक यादी परत देते: ऑर्डर रद्द झाल्याची नोंद करा, ४५,००० पैसे परत करा, अमुक वस्तूचा एक नग साठ्यात वाढवा, ग्राहकाला तमुक संदेश पाठवा. या यादीतले काहीही अजून घडलेले नाही. बाहेरचा थर ऑर्डरची नवी अवस्था आणि ही यादी डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे अविभाज्य व्यवहारात, लिहितो, आणि नंतर वर्कर नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम यादीतली कामे एकेक करून पार पाडतो. मध्येच काही कोसळले तर एकतर दोन्ही लिहिलेले असते, नाहीतर दोन्ही नसते. गॅरी बर्नहार्ट यांनी २०१२ च्या सुमारास या रचनेला फंक्शनल गाभा आणि त्याभोवतीचे कृतिशील कवच असे नाव दिले. एल्ममधल्या अपडेटने परत दिलेले कामांचे वर्णन हीच गोष्ट आहे, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार दाखवणारे हॅस्केलमधले आयओ मूल्यही मुळात हीच गोष्ट आहे: काम झालेले नाही, कामाचे वर्णन हातात आहे.

जुन्या पेढ्यांवरच्या कीर्दीत लिहिलेली ओळ कुणी खोडत नसे. चूक झाली तर उलट नोंद करत, आणि खतावणी कीर्दीवरून काढली जाई. घटनांची यादी कायम ठेवून सध्याची अवस्था तिच्यावरून काढणाऱ्या प्रणाली आज याच तत्त्वावर चालतात, आणि ज्याला फोल्ड म्हणतात ते फंक्शन म्हणजे कीर्दीवरून खतावणी काढणेच आहे.

निर्णय शुद्ध, म्हणजे बाहेरच्या जगाला हात न लावणारा, ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो दोन विनंत्या एकाच क्षणी येतात तेव्हा कळतो. वॉलेटमध्ये ५०० रुपये आहेत आणि ४०० रुपयांच्या दोन खरेद्या एकदम आल्या. दोन्ही विनंत्यांनी शिल्लक वाचली, दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर, आणि तरीही मिळून चूक. इथे शुद्ध फंक्शन तुम्हाला वाचवत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. अवस्था डेटाबेसमध्ये आहे आणि शर्यत तिथेच लागली आहे. उपाय असा की वॉलेटच्या ओळीला आवृत्तीचा क्रमांक ठेवायचा, लिहिताना ‘मी वाचलेली आवृत्ती अजून तीच असेल तरच लिही’ अशी अट घालायची, आणि अट मोडली तर पुन्हा वाचून पुन्हा ठरवायचे. या ‘पुन्हा ठरवायचे’मध्ये सगळे सार आहे. ठरवता ठरवता एसएमएस पाठवणारे फंक्शन दोनदा चालवता येत नाही. ज्याने बाहेरच्या जगाला हातच लावला नाही, ते हवे तितक्या वेळा चालवता येते. क्लोजरमधील ॲटम, म्हणजे बदलते मूल्य ठेवण्याची जागा, नेमका असाच चालतो: त्याला दिलेले फंक्शन एकाहून अधिक वेळा चालू शकते, म्हणून त्यात साइड इफेक्ट, म्हणजे बाहेरच्या जगावर होणारे परिणाम, नसावेत, असे त्याच्या दस्तऐवजातच बजावलेले आहे. हॅस्केलमधल्या ट्रान्झॅक्शनल स्मृतीत, जिथे सामायिक मूल्ये अशाच अविभाज्य व्यवहारांत बदलतात, ही सूचना माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलेली नाही. तशा व्यवहाराच्या आत नेटवर्कची हाक लिहिली तर टाइपच (मूल्यांचे ठरवून दिलेले प्रकारच) जुळत नाही आणि प्रोग्रॅम कंपाइल होत नाही. पेमेंट गेटवेचे वेबहूक, म्हणजे त्याने आपणहून आपल्या सेवेला पाठवलेल्या सूचना, एकच संदेश दोनतीनदा पाठवतात, तेव्हाही हीच रचना कामी येते: आधीच्या घटना हातात असलेले फंक्शन ‘हे पैसे जमा झालेले आहेत’ हे ओळखते आणि रिकामी यादी परत देते.

आता अडचणीची बाजू. ‘आधी वाचा, मग ठरवा, मग लिहा’ हा साचा सांगायला सोपा आहे, पण पुष्कळदा काय वाचायचे हेच अर्ध्या निर्णयानंतर कळते. ग्राहक नवा असेल तर त्याच्या पत्त्यावरच्या आधीच्या ऑर्डरी पाहायच्या; त्यांत फसवणुकीचा संशय असेल तर कार्डाचा इतिहास पाहायचा; ग्राहक जुना असेल तर यांपैकी काहीच नको. सगळे आधीच आणून ठेवले तर दहा विनंत्यांपैकी नऊंसाठी डेटाबेसला फुकट राबवले जाते. गरज पडेल तिथे गाभ्यातूनच डेटाबेसला हाक मारली तर गाभा शुद्ध राहत नाही. मी बहुधा निर्णयाचे दोन-तीन टप्पे पाडतो: पहिला टप्पा एकतर अंतिम उत्तर देतो, नाहीतर ‘मला कार्डाचा इतिहास हवा’ असे मूल्य परत देतो, कवच तो आणून दुसऱ्या टप्प्याला देते. तीन टप्प्यांपर्यंत हे वाचनीय राहते, त्यापुढे कोड तुटक होतो आणि त्याची कथा हरवते.

फेसबुकने स्पॅमविरोधी प्रणाली सिग्मासाठी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते मला फार देखणे वाटते. तिथले नियम हॅस्केलमध्ये लिहिले जातात. नियम लिहिणारा फक्त म्हणतो की मला या व्यक्तीचे मित्र हवेत, त्या मित्रांचे वय हवे. हॅक्सल हे ग्रंथालय त्या मागण्या पाहते, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या मागण्या आपोआप एकत्र करते, एकाच वेळी आणते आणि तीच गोष्ट दोनदा मागितली तर साठवलेले उत्तर देते. नियमांत साइड इफेक्ट नसल्याची खात्री असल्यामुळेच त्यांचा क्रम बदलण्याची मोकळीक हॅक्सलला मिळते. २०१५ मध्ये सायमन मार्लो यांनी लिहिले की ही प्रणाली सेकंदाला दहा लाखांहून अधिक विनंत्या हाताळते. शुद्धतेमुळे वेग कमी होतो, असे ऐकायची सवय असलेल्याला हे उदाहरण जरूर सांगावे.

वेगाचीच गोष्ट निघाली म्हणून न बदलणाऱ्या रचनांविषयी थोडेसे. यादीतला एक घटक बदलताना सगळी यादी नव्याने लिहावी लागत असेल, ही शंका रास्त आहे, पण तसे होत नाही. क्लोजरचा व्हेक्टर ३२ फांद्यांच्या झाडासारखा रचलेला असतो. ३२ चा चौथा घात १०,४८,५७६ होतो, म्हणजे दहा लाख घटकांच्या व्हेक्टरमध्ये कोणताही घटक चार पायऱ्यांत सापडतो, आणि तो बदलताना त्या वाटेवरच्या चार गाठींचीच प्रत काढावी लागते. उरलेले सगळे जुन्या आणि नव्या व्हेक्टरमध्ये सामायिक राहते. साध्या ॲरेपेक्षा हे हळूच आहे, पण ज्या सेवेचा बहुतांश वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, तिथे हा फरक सहसा जाणवत नाही. उलट बाजूचे नुकसान मात्र ठळक असते. जावास्क्रिप्टमधले सॉर्ट मूळ ॲरेच बदलते. एका सेवेत कॅशमधली (वेगासाठी जवळ ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यातली) वस्तूंची यादी एका पानासाठी किमतीनुसार लावली गेली आणि त्यानंतर ती यादी वापरणाऱ्या सगळ्या पानांचा क्रम बदलला. ज्या पानावर तक्रार आली तिथल्या कोडमध्ये काहीच चूक नव्हती, म्हणून शोध लांबला. भाषेच्या २०२३ च्या प्रमाणित आवृत्तीत जावास्क्रिप्टला टू-सॉर्टेड ही नवी प्रत देणारी मेथड मिळाली, आणि मी ती आग्रहाने वापरायला सांगतो.

टाइपविषयी माझे मत अनेकांपेक्षा अधिक ठाम आहे. ऑर्डरच्या एकाच रचनेत पेमेंटचा क्रमांक, पाठवल्याची तारीख, रद्द करण्याचे कारण असे सगळे रकाने ठेवून त्यांतले बरेचसे रिकामे सोडायचे, ही पद्धत मी शक्य तिथे मोडतो. पैसे भरलेल्या ऑर्डरला पेमेंटचा क्रमांक असतोच. रद्द ऑर्डरला कारण असतेच. पैसे न भरता पाठवलेली ऑर्डर ही गोष्ट मुळात लिहिताच येऊ नये. हॅस्केल, ओकॅमल, एफ-शार्प, एल्म यांत हे सहज लिहिता येते, टाइपस्क्रिप्टमध्ये २०१६ पासून, आणि जावातही सील्ड टाइप व २०२३ मधल्या २१ व्या आवृत्तीतले पॅटर्न मॅचिंग आल्यापासून बऱ्यापैकी जमते. नवी अवस्था वाढवली की ती जिथे जिथे विचारात घ्यायला हवी त्या सगळ्या जागा कंपायलर दाखवतो. नव्या माणसाला मोठ्या कोडमध्ये निर्धास्तपणे काम करता येण्यासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

फॉर्म तपासण्याची गोष्टही याच्याशी निगडित आहे. पिनकोड सहा अंकी हवा, मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा, नाव रिकामे नको. पहिली चूक सापडताच थांबणारी साखळी लिहिणे सोपे, पण त्यामुळे माणसाला तीन चुकांसाठी तीनदा बटण दाबावे लागते. तपासण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, तेव्हा सगळ्या चालवून सगळ्या चुका एकदम गोळा कराव्यात. पेमेंट करणे आणि मग बिल काढणे अशा परस्परावलंबी पायऱ्यांत मात्र पहिल्या अपयशालाच थांबावे. ॲप्लिकेटिव्ह आणि मोनाड या दोन अवघड वाटणाऱ्या नावांमागचा हा व्यवहारातला फरक आहे, आणि तो फॉर्मवरून समजावला की सहसा लगेच कळतो.

ही पद्धत दूरदेशीची आहे असे मानण्याचे कारण नाही. बेंगळुरूच्या ‘नम्म यात्री’ या रिक्षा आरक्षणाच्या ॲपची मागची बाजू हॅस्केलमध्ये लिहिलेली आहे आणि तिचा कोड कुणालाही वाचता येतो; एखाद्या संध्याकाळी तो उघडून पाहावा असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण भाडे, सवारी आणि चालक यांचे टाइप कसे बांधले आहेत ते तिथे प्रत्यक्ष दिसते. पुण्यात हेल्पशिफ्टने क्लोजरवर मोठी सेवा उभारली आणि त्यामुळे या शहरात क्लोजर लिहिणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. ब्राझीलमधील नुबँक ही बँकच क्लोजरवर चालते. तिने २०२० मध्ये क्लोजरमागची कॉग्निटेक्ट कंपनी विकत घेतली, आणि २०२४ मध्ये तिचे ग्राहक दहा कोटींवर गेले.

असे असले तरी नवी सेवा कोणत्या भाषेत लिहावी असे कुणी विचारले, तर मी आधी संघाकडे पाहतो. हॅस्केल जाणणारी माणसे आपल्याकडे थोडी आहेत; आळशी मूल्यमापनामुळे, म्हणजे गरज पडेपर्यंत हिशेब लांबवण्याच्या रीतीमुळे, स्मृती कुठे फुगली हे शोधणे सरावाचे काम आहे; एल्मची ०.१९.१ ही आवृत्ती २०१९ ची आहे आणि त्यानंतर वर्षानुवर्षे नवी आली नाही, म्हणून जिची देखभाल दहा वर्षे करायची अशा कामासाठी ती निवडताना मी थांबून विचार करतो. फंक्शनल भाषेत पहिल्यांदाच सेवा लिहायची असेल, तर माझी पसंती एलिक्सिर आणि तिच्यातल्या फिनिक्स या वेब फ्रेमवर्कला असते, कारण तिथली शिकण्याची चढण बेताची आहे आणि अर्लांगची तीन दशकांहून अधिकची मजबुती पाठीशी असते. पण जावा किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये चाललेला जुना कोड असेल, तर भाषा बदलू नये; ठरवणारा भाग वेगळा काढावा. आणि जावास्क्रिप्टमध्ये हॅस्केलची सगळी यंत्रणा ग्रंथालयांच्या आधारे पुन्हा उभी करण्याच्या मी विरोधात आहे. सहा फंक्शने एकमेकांत गुंफून तयार केलेली, एकाही मधल्या मूल्याला नाव नसलेली ओळ लिहिणाऱ्याला आनंद देते. रात्री दोन वाजता प्रोडक्शनमधली, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या चालू सेवेतली, चूक शोधणाऱ्याला ती फार थकवते.

जुन्या कोडमध्ये सुरुवात कुठून करावी, याचे माझे उत्तर ठरलेले आहे: पैशांपासून. सवलतीची विभागणी हे त्यातले उत्तम पहिले फंक्शन. १०० रुपयांची सवलत तीन सारख्या वस्तूंवर वाटायची, तर प्रत्येकी ३३.३३ रुपये येतात आणि एक पैसा उरतो. म्हणून रकमा पैशांत, पूर्णांकांत ठेवायच्या आणि ३,३३४, ३,३३३, ३,३३३ अशी वाटणी करायची. एखादी वस्तू परत आली की तिच्या वाट्याची नेमकी तेवढीच सवलत वजा करायची. हे फंक्शन डेटाबेसपासून सुटे झाले की त्याला क्विकचेक या चाचणीच्या साधनाच्या पद्धतीने तपासता येते. २००० मध्ये कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी मांडलेली ती पद्धत अशी की उदाहरणे आपण लिहायची नाहीत, नियम लिहायचा: वाट्यांची बेरीज मूळ सवलतीइतकीच हवी, कोणताही वाटा ऋण नको, कोणताही वाटा वस्तूच्या किमतीहून मोठा नको. उदाहरणे यंत्र स्वतः शेकड्यांनी बनवते, आणि नियम मोडला तर मोडणारे लहानात लहान उदाहरण शोधून पुढे ठेवते. शून्य किमतीची भेटवस्तू, एक पैशाची सवलत, एकूण बिलापेक्षा मोठे कूपन अशी उदाहरणे पहिल्याच धावेत बाहेर येतात. शेवटच्या प्रकाराला काय करायचे, उरलेली सवलत सोडून द्यायची की वॉलेटमध्ये जमा करायची, हे प्रोग्रॅमरने एकट्याने ठरवू नये. ते उदाहरण जसेच्या तसे घेऊन व्यवसाय पाहणाऱ्यांकडे जावे आणि त्यांचे उत्तर फंक्शनमध्ये, नावासकट, एका वेगळ्या ओळीत लिहावे.